शेतकरीण बहिणाबाई : एका मातेचे आणि आजीचे स्मरण



बहिणाबाई हे नाव मठाच्या मंडपात उच्चारले, की भाविकांच्या मनात प्रथम उभी राहते ती सतराव्या शतकातील संत बहिणाबाई, तुकोबारायांची शिष्या. ते स्वाभाविकच आहे. परंतु आज ज्यांचे स्मरण करावयाचे, त्या बहिणाबाई निराळ्या. त्यांच्या मागे ना शिष्यपरंपरा, ना फड, ना समाधिस्थान. खानदेशातील जळगावच्या चौधरी घराण्यातील त्या एक शेतकरीण. पहाटे जाते ओढावे, दिवसभर शेतात राबावे, सायंकाळी चूल पेटवावी, हा त्यांचा नित्यनेम. तो करता करता ओठांवर जे आले ते त्यांनी गाइले. त्या गाण्यांमुळे पुढे त्यांना कवयित्री म्हणू लागले. स्वतः त्यांनी मात्र ही पदवी कधी ऐकली नाही. घरातली मंडळी त्यांना ओळखत होती ती आई म्हणून, सासू म्हणून, आजी म्हणून.

१८८० साली नागपंचमीच्या दिवशी जळगावजवळच्या असोदे या गावी महाजनांच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. तीन भाऊ आणि तीन बहिणी अशा भरल्या घरात वाढलेली ही मुलगी तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांची पत्नी होऊन सासरी आली. काशी ही कन्या, ओंकार आणि सोपान हे दोन पुत्र. वयाच्या तिसाव्या वर्षी वैधव्य आले. प्लेगच्या दुखण्याने ओंकारला अपंगत्व आले. १९५१ च्या डिसेंबर महिन्याच्या ३ तारखेला जळगाव येथे त्यांनी देह ठेवला. अक्षरओळख अखेरपर्यंत झाली नाही.

चरित्र म्हणून लिहावयाचे तर ते एवढ्यातच आटोपते. राजेरजवाड्यांच्या चरित्राला सनावळ्या पुरवणारे कारकून असतात. शेतकरणीच्या आयुष्यातील पेरण्या आणि सुगी कोण टिपून ठेवतो? तिच्या आयुष्याची वर्षे तिच्या घरातले दाणे किती झाले, कोणत्या साली पाऊस रुसला, कोणते मूल कोणत्या पिकाच्या वेळी जन्मले, यांवरून मोजली जातात, आणि ती मोजणारी माणसे गेली की हिशेबही जातो. बहिणाबाईंच्या बाबतीत तो सगळाच गेला नाही, कारण त्या कामाबरोबर गात असत.

आजच्या तरुण पिढीतील पुष्कळांनी जाते चालताना पाहिलेले नाही, म्हणून थोडे सांगणे अवश्य आहे. दगडाच्या दोन तळ्या, खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला खुंटा, मध्ये तोंड. एक हात खुंट्यावर आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य त्या तोंडात घालावयाचे. दिवस उजाडण्यापूर्वी घरातील सर्वांच्या भाकरीपुरते पीठ पडले पाहिजे, नाही तर सारा दिवस मागे पडतो. दोघीजणी समोरासमोर बसल्या तर भार हलका होतो. एकटीच असेल तर छाती भरून येते. अशा वेळी ओवी ही करमणूक नसते. जात्याच्या एका फेऱ्याला शब्दांचा एक तुकडा, पुढच्या फेऱ्याला पुढचा, असे करीत हाताला चाल मिळते आणि श्वासाला ताल. जनाबाईंच्या जात्याला हात लावण्यास प्रत्यक्ष विठ्ठल आला, अशी आपली श्रद्धा आहे. बहिणाबाईंच्या जात्याचा खुंटा बहिणाबाईंनाच ओढावा लागला. परंतु त्या जात्याला, त्यांच्या बोलीत घरोटाला, त्यांनी गाण्यात जे स्थान दिले ते देव्हाऱ्याच्या फार खालचे नाही.

त्यांच्या गाण्यांतून शेतीचे सबंध वर्ष फिरून येते. पेरणी आहे, कापणी आहे, रगडणी आहे, उपणणी आहे. विहिरीवरची मोट आहे. बैलांचा सण पोळा आहे, आणि खानदेशात ज्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येऊन झोके घेतात ती आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तीही आहे. शहरातून शेताकडे पाहणाऱ्या कवीला हिरवळ दिसते, आणि ते पाहणे खोटे असते असेही नाही. बहिणाबाईंना मात्र हिरवळीच्या आधी तिच्यासाठी करावे लागणारे काम दिसत असे. उपणणीचेच पाहा. मळणी होऊन दाणे आणि भूस एकत्र पडलेले असतात. तिवईवर उभे राहून टोपली उंच धरावी आणि माल हळूहळू खाली सोडावा. वारा असेल तर भूस उडून बाजूला पडते आणि पायांशी दाण्यांची रास होते. वारा नसेल तर? तर नुसते थांबावयाचे. आभाळाकडे पाहावयाचे. वर्षभराचे कष्ट खळ्यात येऊन पडलेले, आणि शेवटचा घास मात्र वाऱ्याच्या स्वाधीन. अशा वेळी त्या वाऱ्याला गाण्यातून हाक मारतात, आधी आमच्या खळ्याकडे ये म्हणतात. त्या हाकेत काव्य आहे हे खरेच, पण त्यात घरच्या धान्याची काळजीही आहे, आणि ती दोन्ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत.

गीतेच्या सहाव्या अध्यायात मनाचा निग्रह करणे वाऱ्याला कोंडण्याइतके दुष्कर आहे असे अर्जुन म्हणतो. या मठात त्या श्लोकावर प्रवचने ऐकलेली मंडळी येथे पुष्कळ असतील. बहिणाबाईंनी मनाला शोधलेली उपमा गुराची आहे. उभ्या पिकाची चटक लागलेले गुरू कितीही हाकला, पुन्हा पुन्हा त्याच शेतात शिरते. ज्याने एकदा तरी काठी घेऊन अशा गुरामागे बांधावरून धाव घेतली आहे, त्याला या उपमेचे विवरण करून सांगावे लागत नाही. संसाराला त्यांनी चुलीवरच्या तव्याजवळ नेले, आणि आईच्या मायेसाठी झाडाला टांगलेले सुगरणीचे घरटे दाखवले. कथाकीर्तनातून कानांवर पडलेले, शेतात डोळ्यांनी पाहिलेले आणि संसारात अंगावर आलेले, असे सारे त्या गाण्यांत एकजीव झाले आहे. आपणास हे कोणी शिकविले, याचे उत्तरही त्यांनी एका गाण्यात दिले आहे : सरस्वती ही आपली आई, ती आपल्या बोलीतून बोलते, असे त्या मानीत.

आता त्या तिसाव्या वर्षाविषयी. पती गेले तेव्हा सोपान अगदी लहान होता. त्या काळातील शेतकरी कुटुंबातील विधवेची स्थिती काय असे, हे येथील वडीलधाऱ्या स्त्रियांना सांगावयास नको. कुंकू पुसले गेले, बांगड्या फुटल्या. शेत मात्र होते तेथेच होते, आणि मुलांची तोंडेही. या दुःखावर बहिणाबाईंनी जे गाणे रचले त्यात त्या कोणापुढे पदर पसरीत नाहीत. कपाळावरच्या कुंकवाखाली जे लपलेले होते ते कुंकू पुसल्यावर उघडे पडले, असे त्या सरळ सांगतात. आणि बांगड्या फुटल्या तरी मनगटातले बळ फुटले नाही, असेही बजावतात. भविष्य सांगावयास आलेल्या ज्योतिषाला त्या दारातूनच परत पाठवितात, कारण जे घडावयाचे ते घडून गेले आहे आणि उरलेले आपल्या हातांनी करावयाचे आहे. हे शब्द चाळीस वर्षे शेतात वाकून काम केलेल्या स्त्रीचे आहेत, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांचे वजन कळते. पतीच्या निधनानंतर त्या आणखी चार दशके जगल्या. मुले वाढवली, सुना आल्या, नातवंडे झाली.

मठाच्या भक्तांपुढे बोलताना त्यांचे एक गाणे वगळून पुढे जाणे अयोग्य होईल. त्यात एक योगी आहे आणि एक सासुरवाशीण आहे. सासुरवाशिणीच्या ओठांवर अहोरात्र माहेरचे गाणे. योगी तिला विचारतो, बाई, माहेर इतके प्रिय आहे तर ते सोडून सासरी आलीस तरी कशाला? प्रश्न विरक्ताला साजेसाच आहे. ज्याने घर सोडले त्याला, माणसे घराची आठवण काढीत दुसऱ्या घरात का राबतात, याचे कोडे पडावे यात नवल नाही. त्यावर ती बाई शेतातल्या मातीकडे बोट दाखविते. मातीलाही डोहाळे लागतात; तिच्या पोटी जसे बीज, तशी आपल्या पोटी लेक येईल. त्या लेकीलाही उद्या कोणाच्या तरी घरी जावे लागेल, आणि वर्षातून एकदा परत यावयाला तिला एक उंबरठा लागेल. तो उंबरठा राखण्यासाठी आई सासरी राहते.

या उत्तराचा नीट विचार केला पाहिजे. संसार हा मोहाचा पसारा, असे आपण सहज म्हणून जातो, आणि तसे म्हणणाऱ्यांच्या ताटात त्या दिवशीची भाकरी कोणी वाढली, हे बहुधा विसरतो. मठाच्या उत्सवात पंगती बसतात, शेकडो पाने उठतात. ते धान्य भांडारात येते ते कोणाच्या तरी खळ्यावरून. ते निवडणारे, दळणारे, पाखडणारे हात बहुधा स्त्रियांचेच असतात. विरक्ताचा मार्ग थोर आहे, त्याविषयी वाद नाही. पण त्या गाण्यातील योगी प्रश्न विचारतो आणि शेतकरीण उत्तर देते, ही गोष्ट लहान नव्हे. देव कोठे, या प्रश्नालाही तिने त्याच गाण्यात वाट करून दिली आहे : जो सारे विश्व व्यापून पुन्हा शिल्लक राहिला, तो तिच्या माहेरच्या घरात मावला. पंडितांनी यावर अद्वैताची चर्चा खुशाल करावी. मुलीला माहेर देणाऱ्या प्रत्येक आजीने ते घर कसे राखले, हे आठवले तरी या गाण्याचा अर्थ लागतो.

त्यांच्या भाषेविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, विशेषतः या श्रोतृवर्गापुढे. बहिणाबाईंची बोली ही लेवा समाजात बोलली जाणारी खानदेशी बोली. वऱ्हाडीशी तिचे जवळचे नाते. तीत पोळ्याचा ‘पोया’ होतो, डोळ्याचा ‘डोया’ होतो. शाळेतील मास्तरांनी अशा शब्दांखाली तांबडी रेघ मारली असती. बेळगावकडच्या मराठीत कानडी वळणे आहेत, गोव्याकडच्या मराठीत कोकणीचा गोडवा आहे, इंदूर-ग्वाल्हेरकडच्या घरांत हिंदी शब्द सहज मिसळलेले आहेत, आणि बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती. आपली भाषा पुण्याच्या तोलाची नाही, अशी एक रुखरुख या सर्व ठिकाणच्या मराठी माणसांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहे. ज्या स्त्रीला प्रमाण मराठी ठाऊकच नव्हती, तिची गाणी प्रमाण मराठीच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि मुले ती ‘य’कारासकट पाठ म्हणू लागली. तेव्हा आजीच्या तोंडचे शब्द सुधारण्याची घाई नातवंडांनी न केलेली बरी.

ही गाणी आपल्यापर्यंत आली कशी, ही हकीकत सुखाची आहे आणि दुःखाचीही. धाकटा मुलगा सोपान शिकला, स्वतः कवी झाला. सोपानदेव चौधरी या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो. त्यांनी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी बहिणाबाईंची काही गाणी वेळोवेळी कागदावर उतरवून ठेवली होती. आई गात असताना मुलाने लिहून घ्यावे, यात वरवर पाहता विशेष काही नाही. पण मातेच्या तोंडी रोजचे असलेले शब्द हे जपून ठेवण्याजोगे धन आहे, असे वाटणारी मुले किती? आईचा आवाज हा घरातल्या हवेसारखा असतो. तो आहे तोवर त्याची जाणीव होत नाही. बहिणाबाई गेल्या, आणि त्यानंतर सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्रे यांना दाखविले. अत्रे यांनी गाणी वाचली आणि हे अस्सल सोने आहे, ते महाराष्ट्रापासून झाकून ठेवणे अपराध ठरेल, अशा आशयाचे उद्गार काढले. त्यांचीच प्रस्तावना घेऊन १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मातेच्या निधनाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

जळगावात नानाजींचा छापखाना होता, आणि त्यावर बहिणाबाईंनी एक गाणे केलेले आहे. यंत्राची ती धडधड, कोऱ्या कागदावर उमटणारी अक्षरे, हे सारे त्यांनी कौतुकाने पाहिले, आणि कागद जसा छापला जाऊन शहाणा होतो तसा माणूस का होत नाही, असा खोडकर सवालही टाकला. स्वतःला त्यातले एक अक्षरही वाचता येत नाही याची खंत त्या गाण्यात नाही.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, त्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटात त्यांची गाणी आली आणि ज्या घरांत पुस्तक पोचले नव्हते तेथेही ती पोचली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीच्या नावाने पदव्या दिल्या जातात, याचे लोकांना मोठे नवल वाटते. त्यांच्या सुनानातसुनांना मात्र त्या चौधरी वाड्यातले जाते आणि चूलच अधिक आठवत असली पाहिजे.

दुःखाची बाजू अशी, की जे संग्रहात आले ते मोजके होते. तेराव्या वर्षापासून सत्तरीपर्यंत ज्या स्त्रीने रोज पहाटे जात्यावर बसून गाइले, तिच्या गाण्यांपैकी मूठभर कागदावर आली. बाकीची पिठाबरोबर गेली. कोणी ऐकली नाहीत असे नाही. घरात माणसे होती, शेजारणी होत्या, शेतात सोबतीला निंदणी करणाऱ्या बाया होत्या. त्यांनी ती ऐकली, हसल्या, डोळे पुसले, आणि काम चालू ठेवले. पुढे कित्येक वर्षांनी हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ या अभ्यासकांनी गावोगाव हिंडून, विसरून जाण्यापूर्वी स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या. त्यांची संख्या एका लाखाहून अधिक भरली. त्या ओव्या रचणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींचे नाव त्यांच्या गावाबाहेर कोणास ठाऊक नव्हते. प्रत्येक गावात एखादी तरी बहिणाबाई होती आणि बहुतेक गावांत सोपान नव्हता, एवढाच याचा अर्थ.

विजेची चक्की आली आणि पहाटेचे जाते थांबले. त्याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. त्या कष्टांतून सुटलेल्या स्त्रीला जाते पुन्हा ओढावयास सांगणारा माणूस बहुधा स्वतः कधी जात्यावर बसलेला नसतो. पण ज्यांनी ते ओढले, त्यांपैकी काही वृद्धा या क्षणी याच मंडपात, खांबांना टेकून, नातवंडांना मांडीवर घेऊन बसलेल्या आहेत. त्यांना आपल्या आईच्या तोंडच्या ओव्या येतात. कोणी विचारले तर त्या आधी ‘काही नाही रे, उगीच आपलं’ म्हणतील, पदर सावरतील, आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणू लागतील. प्रसादाची पंगत बसावयास अजून अवकाश आहे.